दोन मांजरे, भुरी आणि तीन खोल्या : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रविवार

आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी राहणाऱ्या भुरीला कायमचे घरात आणायचे, असे आज सर्वांच्या संमतीने ठरले. ज्या वॉचमनकाकांनी तिला पिल्लू असल्यापासून आपल्या डब्यातला घास देऊन वाढवले, ते या महिन्याअखेर गावी परतत आहेत, आणि त्यांच्यामागे तिच्याकडे कोण बघणार, या प्रश्नाला दुसरे समाधानकारक उत्तर आमच्याकडे नव्हते. भुरी साधारण चार वर्षांची गावठी कुत्री आहे. तिच्या कानाला खाच आहे, म्हणजे तिची नसबंदी झालेली आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा मूळ जागी सोडताना ओळखीसाठी कानाचा छोटा तुकडा कापण्याची पद्धत आहे.

घरात दोन मांजरे आधीपासून आहेत. टिकली नऊ वर्षांची असून पूर्ण घर आपले आहे या निश्चिंतीने वावरते. गुंड्या हा सहा वर्षांचा, खच्ची केलेला बोका आहे. आकाराने मोठा, स्वभावाने अत्यंत भित्रा, कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली जाणारा. दोघांपैकी कुणीही कुत्र्याबरोबर राहिलेले नाही.

तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली एकाच घरात राहणाऱ्या कुत्र्यामांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्राणी लहान वयात एकत्र आले आणि मांजर कुत्र्याच्या आधी घरात आलेले असले, तर त्यांचे अधिक चांगले जमते, असे त्यांना आढळले. आमच्याकडे यांतली दुसरी अट पुरी होते, पहिली नाही. म्हणूनच घाई न करता, टप्प्याटप्प्याने आणि लिहून ठेवत हे काम करायचे आहे. तिघांची मैत्री व्हावी, हे या कामाचे उद्दिष्ट नाही. ज्याला ज्याचा शेजार नको असेल, त्याला तो न भांडता टाळता यावा, यासाठी घराची रचना बदलणे हे उद्दिष्ट आहे. मैत्री झालीच, तर ती त्यांची त्यांनी करावी.

१५ जून, शनिवार

बाल्कनीचे काम पूर्ण झाले. हे काम सर्वांत आधी घेतले, कारण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि दचकलेले मांजर पळताना समोर काय आहे हे बघत नाही. पूर्वी कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी उन्हाने ठिसूळ झाली होती आणि एका कोपऱ्यात नखांनी तिचे काही चौकोन तुटले होते. ती काढून ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस स्टीलची एक इंची जाळी बसवून घेतली. कठड्याच्या वर थेट छतापर्यंत जाळी आहे. मधे कोठेही फट ठेवलेली नाही.

‘मांजर चार पायांवर पडते, त्याला काही होत नाही,’ असे जाळी बसवणाऱ्यांनीही सांगितले. हा समज फार पसरलेला आहे आणि त्यामागे एक खरी गोष्ट आहे: हवेत अंग वळवून पाय खाली घेण्याची क्षमता मांजरात उपजत असते. न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमधील दोन पशुवैद्यांनी १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांत उपचार झालेली सुमारे ९० टक्के मांजरे वाचली होती. पण ती दवाखान्यापर्यंत पोहोचलेली मांजरे होती. त्यांत छातीला मार लागलेली, टाळू फाटलेली, पाय मोडलेली पुष्कळ होती, आणि जी जागीच गेली असतील ती त्या हिशेबात नाहीत. हे सर्व जाळीवाल्यांना सांगितल्यावर त्यांनी खालच्या कडेला दोन स्क्रू जास्तीचे मारले.

सोसायटीला कुत्री घरात ठेवत असल्याचे पत्र दिले. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, अशा भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना २०१५ सालापासून आहेत. त्यांचा उल्लेख करण्याची वेळ आली नाही, कारण समितीतल्या बहुतेकांनी भुरीला कधी ना कधी बिस्किट घातलेले आहे.

१९ जून, बुधवार

सुतारकाका दोन दिवस येत आहेत. बैठकीच्या खोलीपासून शयनगृहापर्यंत, जमिनीपासून साधारण साडेपाच फुटांवर, मांजरांसाठी फळ्यांचा रस्ता करायचा आहे. १८ मिमीचा प्लाय, रुंदी दहा इंच, भिंतीत छिद्रे पाडून लोखंडी ब्रॅकेटवर बसवलेला. दोन फळ्यांमधले अंतर टिकलीच्या वयाकडे बघून कमी ठेवले आहे. तरुण मांजराला चार फूट उडी सहज जमते. नऊ वर्षांच्या मांजराकडून ती रोज करवून घेणे योग्य नाही, कारण सांध्यांची झीज या वयात सुरू झालेली असू शकते आणि मांजर ती दाखवत नाही.

या रस्त्याचा एकच नियम आम्ही पक्का ठरवला आहे: कोठेही आंधळी गल्ली नको. प्रत्येक फळीवरून उतरायला किंवा पुढे जायला दोन वाटा हव्यात. कोपऱ्यात सापडलेले मांजर भांडते. पळायला वाट असलेले मांजर बहुधा निघून जाते. त्यामुळे पुस्तकांच्या कपाटाच्या माथ्यावर संपणारी जी सुंदर, लांब फळी मूळ आराखड्यात होती, ती आम्ही रद्द केली आणि तिच्याऐवजी दोन आखूड फळ्या दोन दिशांना काढल्या.

सुतारकाकांनी पहिल्या दिवशी विचारले होते, “वहिनी, मांजराला एवढं कशाला? ते तर कुठंही चढतं.” आज संध्याकाळी मात्र त्यांनी स्वतःहून प्रत्येक फळीच्या कडा गोल केल्या आणि बाहेरच्या बाजूला अर्ध्या इंचाची पट्टी मारली, म्हणजे झोपेत कूस बदलताना ते घसरणार नाही. फळ्यांवर गोणपाट ताणून खिळे मारले आहेत. शयनगृहातल्या खांबाला काथ्याचा दोर गुंडाळून नखे घासण्याची जागा केली. ती मांजरांना दाखवून देण्याची गरज पडली नाही.

२२ जून, शनिवार

भुरीला पशुवैद्यांकडे नेऊन आणले. तिच्या बोटांच्या बेचक्यांत आणि कानांच्या आतल्या घडीत गोचीड होते. पावसाळ्याच्या तोंडावर हे अपेक्षितच असते. डॉक्टरांनी चिमट्याने एकेक गोचीड कातडीला अगदी लागून धरला आणि न पिरगाळता सरळ ओढून काढला. त्यावर तेल ओतणे किंवा चटका देणे टाळावे, कारण त्याने गोचिडाच्या पोटातले द्रव जखमेत जाण्याचा धोका वाढतो, असे त्यांनी समजावले. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी निघाल्या आणि गोचीडतापाचे निदान झाले. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक द्यायचे आहे. लसी ताप उतरल्यावर.

येथे एक गोष्ट ठळकपणे नोंदवते, कारण दोन्ही प्राणी ज्यांच्या घरी आहेत त्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी. कुत्र्यांसाठी मानेवर टाकायची गोचिडांची जी औषधे मिळतात, त्यांतल्या काहींत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते. कुत्र्याला ते चालते; मांजराला त्याने झटके येतात आणि मृत्यूही येऊ शकतो. मांजराच्या यकृतात अशा कित्येक रसायनांचा निचरा करणारी क्रिया फार दुबळी असते. माणसाची पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराला जीवघेणी ठरते, तीही मुख्यतः याच कारणाने. कुत्र्याला औषध लावले आणि मांजर त्याच्या अंगाला घासले किंवा त्याला चाटले, तरी धोका असतो. आम्ही भुरीसाठी पोटातून द्यायची गोळी निवडली.

२४ जून, सोमवार

भुरी घरात आली. तिची जागा मागची खोली; दार बंद. आत घोंगडी, पाण्याचे भांडे आणि वॉचमनकाकांची जुनी खाकी पिशवी, जिच्यावर ती इतकी वर्षे डोके टेकवून झोपत होती. निरोप घ्यायला काका वर आले होते. ते फारसे बोलले नाहीत. तिच्या कानामागे खाजवून म्हणाले, “वैनी, तिला ढगाचा आवाज सोसत नाही, तेवढं बघा.” आम्ही ते बघणार आहोत.

३० जून, रविवार

वासाचा टप्पा चालू आहे. मांजर आणि कुत्रा दोघेही घराची ओळख आधी नाकाने करतात, म्हणून दर्शनाच्या आधी वासाची सवय होऊ द्यायची. मांजराच्या गालांवर आणि हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. जेथे ते गाल घासते ती जागा त्याच्या लेखी ओळखीची आणि सुरक्षित होते. मी एक जुना पंचा टिकलीच्या आणि गुंड्याच्या गालांवरून फिरवून भुरीच्या घोंगडीजवळ ठेवते, आणि भुरीच्या अंगावरून फिरवलेला दुसरा पंचा बैठकीच्या खोलीत, मांजरांच्या वाटेवर पण त्यांच्या खाण्यापासून दूर ठेवते.

भुरीने पंचा हुंगला आणि त्यावर बसली. टिकलीने तिच्यासाठीचा पंचा दोन हातांवरून पाहिला, मान पुढे करून वास घेतला, तोंड किंचित उघडे ठेवून क्षणभर तशीच थांबली आणि निघून गेली. टाळूतल्या विशेष इंद्रियापर्यंत वास पोहोचवण्यासाठी मांजरे असे तोंड उघडतात. राग आल्यासारखे ते दिसते, पण तो राग नव्हे. गुंड्या त्या खोलीत दुपारपर्यंत आला नाही. संध्याकाळी पंचा उचलून दाराजवळ सरकवल्यावर तो फळीवरून, वरच्या वरून, स्वयंपाकघरात गेला. फळ्यांचा हा पहिला खरा उपयोग.

आवाजाचीही ओळख होत आहे. फरशीवर भुरीच्या नखांचा टकटक आवाज आला की मांजरांचे कान मागच्या खोलीकडे वळतात. आरंभी वळलेले कान तसेच राहत. आता ते परत फिरतात.

७ जुलै, रविवार

बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. आरंभी अंतर भरपूर ठेवले, मग रोज थोडे कमी केले. आता टिकली दारापासून हातभर अंतरावर खाते, गुंड्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

जेवणाबद्दल घरात चर्चा झाली. सासूबाईंचे बालपण साताऱ्याजवळच्या गावात गेले. तेथे कुत्र्याला भाकरी आणि मांजराला दूधभात, हाच रिवाज होता आणि तो प्रेमाने पाळला जात होता. पण त्या मांजरांचे खरे जेवण धान्याच्या कोठीतले उंदीर हे होते. मांजराला मांसाशिवाय भागत नाही, कारण टॉरिन हा घटक त्याचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही. टॉरिनच्या अभावाने मांजराचे हृदय मोठे व दुबळे होते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिले. दृष्टीही जाऊ शकते. उंदरात ते भरपूर असते, दूधभातात ते जवळजवळ नसते. म्हणून मांजरांना भुरीचे खाणे पुरत नाही, आणि मांजरांचे खाणे भुरीला पचायला जड जाते. सासूबाईंनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि तेव्हापासून तिघांच्या थाळ्या त्याच वाढतात, कांदा-लसूण-मीठ न घातलेले चिकन स्वतः शिजवून, बाजारचे खाणे मोजून. भुरीला त्याबरोबर भात आणि लाल भोपळा असतो.

१४ जुलै, रविवार

पहिले दर्शन. मागच्या खोलीच्या चौकटीत साडेतीन फुटी जाळीचे फाटक बसवले आहे. फाटकाच्या आत भुरी, पट्टा माझ्या नवऱ्याच्या हातात; बाहेर बैठकीची खोली, मांजरे आपल्या मर्जीने यावीत किंवा न यावीत.

टिकली आली. फाटकापासून सात-आठ फुटांवर, फळीवर बसली. भुरी उभी राहिली, तोंड मिटले, कान पुढे आले, नजर खिळली. खिळलेली नजर आणि ताठ अंग हेच धोक्याचे चिन्ह, भुंकण्यापेक्षाही. नवऱ्याने हळूच तिचे नाव घेतले. तिने मान वळवली, त्याला पाहिले, चिकनचा तुकडा घेतला. पुन्हा टिकलीकडे पाहिले, पुन्हा नाव, पुन्हा मान वळली. चौथ्या-पाचव्या वेळी ती हाक येण्याआधीच वळली, आणि तिच्या खांद्यांतला ताण उतरलेला आम्हा दोघांनाही दिसला. तेथेच थांबलो. टिकली शेपूट पायांभोवती गुंडाळून बसून होती. तिचे टोक हलत होते. मांजराच्या शेपटीचे हे हलणे अस्वस्थतेचे असते, आणि कुत्रा मात्र शेपूट हलवतो ते पुष्कळदा जवळ येण्यासाठी. दोघांच्या या उलट खुणा एकमेकांना शिकता येतात, पण त्यासाठी त्यांना दुरून बघायला वेळ मिळाला पाहिजे.

गुंड्या आला नाही.

२० जुलै, शनिवार

पहाटे गुंड्या मातीच्या ट्रेमध्ये बसलेला दिसला. बसला, उठला, माती उकरली, पुन्हा बसला. मग बाहेर येऊन फरशीवर बसला आणि बारीक, ओळखू न येणाऱ्या आवाजात ओरडला. ट्रे कोरडा होता. मी त्याच्या पोटाला हात लावला तर खालच्या बाजूला लिंबाएवढी कठीण गाठ हाताला लागली. ते भरलेले मूत्राशय होते.

आम्ही त्याच अवस्थेत, पावसात, त्याला घेऊन निघालो. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती अडली तर रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकते. ‘बद्धकोष्ठ असेल, दुपारपर्यंत बघू’ असे म्हणण्याची ही वेळ नसते. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, लघवी काढली, सलाइन लावले. क्ष-किरणात खडा दिसला नाही, तपासणीत जंतुसंसर्गही निघाला नाही. मूत्राशयाला आलेली ही सूज ताणामुळे येते. मांजरांत ती पुष्कळ आढळते, आणि घरात नवा प्राणी येणे हे तिचे एक नेहमीचे निमित्त आहे, असे डॉक्टरांनी सांगितले.

त्याला दवाखान्यात ठेवले आहे. घरी कुणी जेवले नाही. मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याने विचारले, “आई, मग भुरीला परत पाठवायचं का?” तिला पाठवायला जागा नाही, हे त्याला माहीत होते आणि मलाही. त्याला मी सांगितले की कुणालाही पाठवायचे नाही, काम सावकाश करायचे.

२६ जुलै, शुक्रवार

गुंड्या घरी आला आहे. काल पुण्यात अतिवृष्टी झाली, खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने मुठेकाठच्या वस्त्यांत घरे बुडाली. भुरीला खाली नेणेही कठीण झाले होते. तिला ढगांचा गडगडाट सोसत नाही म्हणून नवरा रात्रभर मागच्या खोलीत तिच्याजवळ जमिनीवर झोपला.

कामात केलेले बदल. दर्शन पूर्ण बंद. पुन्हा बंद दार आणि पंचे. शयनगृह केवळ गुंड्याचे: त्याचा ट्रे, त्याचे पाणी, त्याचे खाणे त्या खोलीत. घरात मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे जास्त असावा, या नियमाप्रमाणे तीन ट्रे झाले, आणि ते एका रांगेत न ठेवता वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले, कारण एकाच वाटेवरचे तीन ट्रे हे अडवणाऱ्याच्या दृष्टीने एकच असतात. कोरडे खाणे कमी करून ओले वाढवले, म्हणजे पोटात पाणी जास्त जाईल. वाळवंटी पूर्वजांकडून आलेली मांजरे तहान लागली तरी फार पाणी पीत नाहीत. पाण्याची भांडी पसरट, मातीची, खाण्यापासून दूर.

शयनगृहातले कपाट अर्धा फूट पुढे ओढून त्याच्या मागे एक गुहा तयार केली. दोन्ही बाजूंनी उघडी. लपण्याची जागा काढून घेतल्याने मांजर धीट होते, हा समज उलटा आहे. लपायला मिळाले की ते लवकर बाहेर येते.

१८ ऑगस्ट, रविवार

गुंड्याची लघवी रोज तपासत आहोत, म्हणजे मातीचे गोळे मोजून आणि त्यांचा आकार बघून. सर्व ठीक आहे. भुरीचा औषधाचा क्रम संपला, प्लेटलेट पूर्ववत झाल्या. तिला एकत्रित लस दिली. तिच्यात लेप्टोस्पायरोसिसची मात्रा आहे, जी पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून जाणाऱ्या कुत्र्याला अत्यावश्यक. रेबीजची लसही झाली.

फाटकातून दर्शन पुन्हा सुरू केले. गुंड्याने शयनगृहाच्या दारातून, फळीवर बसून, भुरीला प्रथम पाहिले. ती झोपलेली होती. त्याने तिला बराच वेळ पाहिले आणि आपणहून कपाटामागे गेला. आम्ही यात काहीही केले नाही.

१ सप्टेंबर, रविवार

पट्ट्यासह भुरी बैठकीच्या खोलीत, दिवसातून दोनदा, लांब फेरफटका झाल्यानंतर. दमलेला कुत्रा पाठलाग करत नाही. टिकली जमिनीवरून तिच्यासमोरून गेली, शेपूट उभी, टोक किंचित वळलेले. भुरीने जमीन हुंगली. एवढेच झाले.

९ सप्टेंबर, सोमवार

गणपतीचे दिवस. घरात माणसांची ये-जा, दार सारखे उघडे, म्हणून तिघांनाही आपापल्या खोल्यांत ठेवले आहे आणि दारांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. येणाऱ्यांना दोन गोष्टी हात जोडून सांगतो. भुरीला प्रसाद देऊ नये: पंचखाद्यातल्या मनुका-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, द्राक्षातले टार्टारिक आम्ल त्याला कारण असावे, असा संशय आहे, आणि किती दाणे सुरक्षित हे ठरवता येत नाही. दुसरी गोष्ट फुलांची. पुष्पगुच्छात लिलीची फुले असतील तर तो घरात आणू नये. तिचे पान, पाकळी, अंगावर पडलेले परागकण चाटलेले, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीही मांजराच्या मूत्रपिंडांना घातक असते. जास्वंद, दूर्वा, झेंडू यांनी आमच्या पूजेचे उत्तम भागते.

शेजारच्या आजींनी बेदाणे वेचून काढून भुरीसाठी नारळाचा छोटा तुकडा वेगळा आणला. तो तिला दिला.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज जागतिक रेबीज दिन. दोन्ही मांजरांच्या वार्षिक लसी याच दिवशी करायचे आम्ही ठरवले आहे, म्हणजे तारीख विसरत नाही. घरातून बाहेर न जाणाऱ्या मांजराला रेबीजची लस कशाला, असे विचारले जाते. दार एकदा उघडे राहिले तरी पुरते, आणि मांजराच्या चाव्यानेही रेबीज होऊ शकतो. कोणत्याही चाव्यावर किंवा ओरखड्यावर आधी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे जखम धुवायची आणि मग लगेच डॉक्टर. हे मुलाकडून पाठ करून घेतले आहे. भुरीच्या लसीच्या प्रमाणपत्रावर पुणे महानगरपालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवानाही काढला.

६ ऑक्टोबर, रविवार

घटस्थापनेला सासूबाईंनी नेहमीप्रमाणे घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरले आणि त्याच दिवशी एका कुंडीच्या तबकात मांजरांसाठी वेगळे गहू पेरले. मांजरांना कोवळे हिरवे कोंब खायला आवडतात, आणि मागील वर्षी टिकलीने घटाचे अर्धे धन तिसऱ्या माळेलाच संपवले होते. यंदा ते शाबूत आहे. तबकातल्या कोंबांवर सकाळी टिकली आली, तिच्यामागे पट्ट्याशिवाय भुरी. भुरी दोन पावलांवर थांबली आणि टिकलीचे खाणे होईपर्यंत बसून राहिली. तिला कुणी बस म्हटले नव्हते. मग तिनेही कोंब खाल्ले, मुळासकट.

पट्ट्याशिवाय वावरू देणे या आठवड्यापासून सुरू केले आहे, मात्र कुणीतरी मोठे माणूस खोलीत असतानाच.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ आणि मांजराला ६० च्या पुढचे. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो, तो यांच्यावर काय होऊन आदळत असेल, याचा अंदाज करणेही अवघड आहे. भुरीला डॉक्टरांनी ठरवून दिलेले भीतीवरचे औषध संध्याकाळी फटाके सुरू होण्याआधी दिले. फेरफटका चार वाजताच उरकला, गळ्यात नावाचा बिल्ला आहे का ते पाहून. खिडक्या बंद, जाड पडदे, पंखा मोठा.

तरीही साडेआठच्या माळेनंतर ती मागच्या खोलीतून उठली आणि थेट शयनगृहात गेली. ते गुंड्याचे आहे. मी मागोमाग गेले. ती कपाटाच्या मागे, गुहेच्या एका तोंडातून, अर्धी आत शिरून पडली होती आणि तिचे मागचे पाय थरथरत होते. गुहेत दुसऱ्या टोकाला गुंड्या होता. त्याला बाहेर पडायला गुहेचे त्याच्या बाजूचे तोंड मोकळे होते, वरची फळीही मोकळी होती. तो गेला नाही. त्याने कान आडवे केले, एकदा फिसकारला, आणि मग पंजे अंगाखाली घेऊन बसला. मी दाराशी जमिनीवर बसून राहिले. फटाके थांबेपर्यंत दोघेही तेथेच होते, मधे दीड हाताचे अंतर ठेवून.

याला मैत्री म्हणण्याची घाई मी करणार नाही. पण ज्या बोक्याला तीन महिन्यांपूर्वी तिच्या नखांच्या आवाजाने आजार जडला होता, त्याला आज जाण्याची वाट असूनही जावेसे वाटले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि ती मोकळी वाट नसती तर तो असा शांत राहिला असता, असे मला वाटत नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

आढावा. भुरी दिवसभर सर्व घरात वावरते. गुंड्याला त्यानंतर लघवीचा त्रास झालेला नाही; ओले खाणे आणि तीन ट्रे कायम राहतील. टिकली दुपारी उन्हाच्या पट्ट्यात भुरीच्या पाठीला पाठ लावून झोपते आणि ऊन सरकले की भुरीला सोडून उन्हामागे जाते. गुंड्या अद्याप तिला शिवत नाही आणि त्याला तसा आग्रह कुणी करत नाही.

फाटक काढायचे की नाही, यावर घरात दोन मते होती. ते राहणार आहे. आम्ही सर्व बाहेर असताना भुरी फाटकाच्या आत आणि मांजरे बाहेर, ही व्यवस्था तिचा स्वभाव कितीही गोड असला तरी बदलायची नाही. पळणाऱ्या लहान प्राण्यामागे धावणे तिच्या रक्तात आहे आणि एखाद्या क्षणी ते जागे झाले तर त्यात दोष तिचा नसेल.

बाकी राहिलेली कामे: टिकली आता सर्वांत वरच्या फळीवर चढताना एकदा थांबून अंदाज घेते, म्हणून मधे एक जास्तीची पायरी बसवायची आहे, सुतारकाकांना मकरसंक्रांतीनंतरचा दिवस दिला आहे. खांबावरचा काथ्या झिजला, तो बदलायचा. बाल्कनीच्या जाळीचे स्क्रू उन्हाळ्याआधी तपासायचे. भुरीची गोचिडांची गोळी १५ तारखेला.